पोच नसलेला अर्ज

माय,

आज शनिवार, बावीस नोव्हेंबर. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. माइकवरचं फोमचं टोपण मी आत्ताच साबणाच्या पाण्यात धुऊन खिडकीच्या गजाला वाळत घातलं आणि नोंदवही उघडून बसलो. आजच्या कार्यक्रमाची नोंद करायची होती. तारीख लिहिली, वेळ लिहिली, विषय लिहिला. मग बोलणाऱ्यांच्या नावांचा रकाना आला आणि हात थांबला. त्या रकान्यात आज पहिल्यांदा माझं नाव लिहायचं आहे. त्याच्याखाली तुझं लिहायचं की नाही, ते ठरेना. म्हणून वही बाजूला सरकवली आणि हा कागद घेतला. पाच वाजता ताई येतील आणि वही वाचून सही करतील. ताई म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुख. तोवर वेळ आहे.

तुला रेडिओ म्हणजे चक्कीवाल्याच्या दुकानात खुंटीला टांगलेला, गाणी आणि कापसाचे भाव सांगणारा डबा एवढाच माहीत. हा तसा नाही. राळेगावच्या रस्त्याला, कापसाच्या पऱ्हाटीच्या शेतांना लागून दोन खोल्या आहेत आणि त्यांच्यावर एक उंच मनोरा. एका संस्थेनं सरकारची परवानगी काढून तो उभा केला, पण बोलतात ती माणसं इथलीच. इथून बोललेलं आजूबाजूच्या बारा-पंधरा गावांत आणि दोन कोलाम पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर ऐकू जातं, त्यापुढे नुसती खरखर. सोमवारी निंदणाला जाणाऱ्या बाया बोलतात. बुधवारी पोडावरचा एक म्हातारा कोलामीत रानातल्या कंदांची माहिती सांगतो आणि त्याची नात ती मराठीत सांगते. शनिवारी साडेबाराला असा माणूस येतो, ज्याचं आजवर कुठं कुणी ऐकून घेतलं नाही. कुणाचं नाव घ्यायचं नाही, कुणावर खोटा आळ घ्यायचा नाही, हा आमचा नियम. बाकी मन मोकळं करायचं. गेल्या वर्षी एका वस्तीतल्या बाया तीन शनिवार ओळीनं आल्या आणि बंद पडलेल्या हातपंपाचं रडगाणं गायल्या, अगदी खरोखरचं गाणं करून. चौथ्या आठवड्यात पंप सुरू झाला. तेव्हा त्या पुन्हा आल्या आणि माइकसमोर बादली भरून दाखवली. पाण्याचा आवाज बारा गावांनी ऐकला. ते ध्वनिमुद्रण मी जपून ठेवलं आहे.

आवाज घुमू नये म्हणून शहरातल्या केंद्रांत भिंतींना महागडं काहीतरी लावतात म्हणे. आमच्याकडं बायांनी घरच्या जुन्या गोधड्या आणून ठोकल्या. एका कोपऱ्यात हातभर भिंत उघडी राहिली होती. तिथं मी तुझी गोधडी लावली, निळ्या लुगड्याची, कडेनं पांढऱ्या दोऱ्याची. मी ज्या खुर्चीवर बसतो तिच्या बरोबर पाठीमागे ती आहे. ही तुझी गोधडी, हे मात्र इथं कुणाला सांगितलं नाही.

तू गेलीस तेव्हा मी नववीत होतो. दहावीला बसलोच नाही, हे तुला माहीत नाही. राळेगावात मोबाइलच्या दुकानात बसलो, तारांना कथलाचा डाग द्यायला शिकलो, आणि इथली एक वायर जोडायला आलो तो सात वर्षं झाली इथंच आहे. ध्वनिमुद्रण करणं, ते कापून नीट करणं, नोंदी ठेवणं ही माझी कामं. वहीत खाडाखोड नाही. ऱ्हस्व-दीर्घ अडलं तर मी शब्द पाहिल्याशिवाय पुढं जात नाही. ताई म्हणतात, "एवढं नीट लिहितोस, एकदा बोल तरी." मी म्हणायचो, "मी बोललो तर वायर कोण पाहील?" सात वर्षं हेच उत्तर पुरलं.

आणखी एका गोष्टीसाठी मी इथं ओळखला जातो. तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारतो, "अर्ज दिला का? पोच घेतली का?" अर्जाच्या दोन प्रती करायच्या, एक ऑफिसात द्यायची आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घ्यायची, ती पोच. ती असली की अर्ज मिळालाच नाही असं कुणाला म्हणता येत नाही. मी इतक्या वेळा विचारतो की माझं नावच पडलं आहे. आठवडी बाजारात पोडावरची म्हातारी लांबूनच ओरडते, "अय पोचवाल्या, टमाटे घेतले काय? पोच घेतली काय त्याची?" सगळा बाजार हसतो. मीही हसतो. लोकांना वाटतं, पोरगा शिकला कमी पण कायद्यात पक्का आहे. ही सवय मला कुठून लागली, ते कुणालाच माहीत नाही. तुलाही नाही. तेच आज लिहायला बसलो आहे, पण जरा सावकाश लिहू दे.

शाळेमागचं ते पत्र्याचं शेड मला आजही जसंच्या तसं दिसतं. दोन चुली, खिचडीचं मोठं पातेलं, म्हणजे तो जर्मनचा गंज, खाली काळाकुट्ट, आतून चकचकीत. तू पहाटे विहिरीवरून पाणी आणून तांदूळ तीन पाण्यांनी धुतेस. सरकारी तांदळातला खडा निघाला की तो फेकत नाहीस, पदराच्या गाठीत बांधतेस आणि घरी येऊन बामच्या रिकाम्या डबीत टाकतेस. मी विचारतो, "कायले ठेवतं व?" तू म्हणतेस, "उद्या कोणी म्हणलं, खडे निवडत नाई, तं दाखवाले." धुरानं तुझे डोळे लाल असतात आणि खोकला येतो, पण पोरं पंगतीत बसली की तू डाव घेऊन अशी चालतेस जशी लग्नातली वाढपीण. एकदा मी ताट पुढं करून म्हणालो, "माय, मले जास्त." तू सगळ्यांदेखत डाव मागं घेतलास. "येथं मी तुही माय नोहो. येथं मी सगळ्याइची आहो. जेवढं बाजूच्याले, तेवढं तुले." मी रडलो. घरी आल्यावर तू माझ्या ताटात स्वतःची अर्धी भाकर टाकलीस.

त्याच वर्षी पंगतीतली काही पोरं डबे आणू लागली. आधी दोन, मग सात. मग डबेवाल्यांची वेगळी ओळ झाली, पिंपळाच्या पाराकडं. मी सातवीत होतो, मला कळत होतं. आपल्या वस्तीतलं एकही पोरगं त्या ओळीत नव्हतं. गुरुजी काही बोलत नव्हते. एका दुपारी शाळेच्या समितीतले एक जण शेडपाशी आले आणि चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नका. काम दुसऱ्या गटाले देल्लं." तू विचारलंस, "काहून?" ते म्हणाले, "वरून आलं." तू पुन्हा विचारलंस, "वरून म्हणजे कोठून? पत्र्यावरून?" ते निघून गेले. तू गंज राखेनं घासलास, आतून आणि त्या दिवशी बाहेरूनही, चार वर्षांत पहिल्यांदा. काजळी निघता निघेना. मग तो पालथा घालून घरी आलीस.

संध्याकाळी तू मला समोर बसवलंस. "वही काढ. अर्ज लिह्य."

"कोणाले?"

"तालुक्याच्या साह्यबाले. लिह्य, मी चार वर्षं खिचडी शिजवली."

"आधी 'प्रति' लिहावं लागते."

"मंग लिह्य ना प्रति. अडवलं कोणं?"

"मंग विषय लिहावं लागते."

"विषय त्याहीले माहीत आहे. लिह्य, एकही लेकरू बिमार पडलं नाई."

तू बोलत होतीस आणि मी ते शाळेच्या मराठीत बसवत होतो. तू मध्येच थांबवून विचारायचीस, "मी म्हणलं तेच लिहून राह्यला ना, का तुह्या मनचं?" मी वाचून दाखवायचो. तू मान हलवायचीस. माझं अक्षर चांगलं होतं. पूर्ण पानात एक खोड नव्हती. तेव्हा मला वाटलं की हा कागद पाहून साहेब आधी विचारतील, हे कुणी लिहिलं. शेवटी अंगठा द्यायची वेळ आली आणि घरात शाई नव्हती. तू चुलीपाशी गेलीस, तव्याच्या बुडाला अंगठा घासलास, तेलाचं बोट लावलंस आणि दाबला. तेल पसरलं. काजळीचा डाग माझ्या शेवटच्या दोन ओळींवर गेला. अक्षरं वाचता येत होती, पण पान घाण झालं होतं. मी म्हणालो, "खराब केलं व तुनं." तू म्हणालीस, "खराब नाई, पक्कं केलं."

दुसऱ्या दिवशी तू मला वीस रुपये दिलेस. तुला मजुरीला जायचं होतं, रोज बुडवणं परवडणारं नव्हतं. म्हणालीस, "झेरॉक्स काढजो. त्याच्यावर शिक्का मारून आणजो. गुरुजी म्हणतात त्याले पोच. पोच घेतल्याबिगर येजो नोको." हा शब्द मी पहिल्यांदा तुझ्या तोंडून ऐकला, माय. लिहिता न येणाऱ्या तुझ्या तोंडून.

मी एस.टी.नं राळेगावला गेलो. झेरॉक्स काढली. यंत्रातून निघालेल्या कागदावर तो डाग आणखी काळा, आणखी मोठा दिसत होता. ऑफिसात गेलो. खिडकी उघडी होती. रांग नव्हती. आतले बाबू म्हातारे होते, चष्मा कपाळावर. त्यांनी स्वतःच विचारलं, "काय बाळा, काय आणलं?" मला कुणी रागावलं नाही, कुणी हाकललं नाही. मी हातातल्या कागदाकडं पाहिलं आणि मला त्या डागाची लाज वाटली. खरं लिहायचं तर डागाची की अंगठ्याची, ते तेव्हा मला कळलं नाही आणि आजही पूर्ण कळत नाही. मी म्हणालो, "काही नाही." आणि बाहेर आलो. मनात होतं, घरी जाऊन दुसरा स्वच्छ लिहू. पण दुसरा लिहायचा तर तुझा अंगठा पुन्हा लागणार होता, आणि अंगठा मागायचा तर पहिला का दिला नाही ते सांगावं लागणार होतं.

संध्याकाळी तू अंगणात वाट पाहत उभी होतीस. "देल्ला?"

"हाव."

"पोच?"

"शिक्क्याची शाई वाळली होती म्हणे. जवाब येईन म्हणाले घरी."

तू थोडा वेळ माझ्याकडं पाहिलंस. मग हसलीस. "वाळली असन. आपली काजळी बरी बापा, वाळतच नाई."

त्यानंतर पोस्टमन दिसला की तू हातातलं काम सोडून रस्त्यावर जायचीस. पहिले काही महिने रोज, मग अधूनमधून. जवाब काही आला नाही. मी रोज ठरवायचो की आज सांगू. एके दिवशी तूच विषय संपवलास. शेजारणीला सांगत होतीस, मी आत अभ्यास करत होतो. "वाचला असन त्याहीनं. वाचून लाज वाटली असन, म्हणून जवाब देल्ला नाई. माह्या पोरानं लिहिलाच तसा होता." तुझ्या आवाजात इतका अभिमान होता की मी तोंड उघडलंच नाही. दोन वर्षांनी खोकल्यानं तू गेलीस. विहारात वंदना झाली, पांढरी लुगडी नेसलेल्या बाया ओळीनं बसल्या होत्या, आणि माझ्या दप्तरात तो अर्ज दोन्ही प्रतींसह तसाच होता. आजही आहे. नोंदवहीच्या पुठ्ठ्याच्या कप्प्यात, प्लास्टिकमध्ये. वही बदलते तसा तो नव्या वहीत जातो.

आता आजचं. आजच्या शनिवारी शेजारच्या गावची एक मावशी आली होती. तीही शाळेत खिचडी शिजवते. अकरा वर्षं झाली. आणि माय, तिलाही तसंच तोंडी सांगितलं आहे की सोमवारपासून येऊ नका. कारण नाही, कागद नाही. तिच्याही गावात डबे सुरू झाले आहेत, तिचीही वस्ती आपल्यासारखी गावाच्या खालच्या अंगाला आहे. काल फोनवर ती तासभर बोलली होती, शिव्यांसकट. ताई म्हणाल्या होत्या, "एवढ्या शिव्या नका देऊ बरं मावशी, निम्म्या ठेवा." पण साडेबाराला लाल दिवा लागला, ताईंनी तिला नमस्कार केला, पहिला प्रश्न विचारला आणि मावशी गप्प. माइककडं पाहत राहिली. ताईंनी पुन्हा विचारलं. मावशी हळूच म्हणाली, "मी काय बोलू बाई. माह्या बोलल्यानं काय होते." आणि उठायला लागली.

मी काचेच्या अलीकडं, बटणांपाशी. आमच्या कामात शांतता सगळ्यात वाईट. लोक समजतात बंद पडलं आणि कान काढून घेतात. अशा वेळी मी गाणं लावतो, हात आपोआप तिकडं जातो. मी सेकंद मोजत होतो. सात. आठ. ताई गाण्याची खूण करत होत्या. नऊ. मावशीचा हात खुर्चीच्या पाठीवर होता आणि बोटं थेट तुझ्यासारखी, नखांत हळद बसलेली. गाणं लागलं असतं तर ती घरी गेली असती आणि सोमवारी शेडपाशी दुसरं कुणी उभं राहिलं असतं. अकराव्या सेकंदाला मी माझ्या पुढ्यातला माइक उघडला. तो फक्त तपासणीसाठी असतो. मी म्हणालो, "मावशी, बसा. माझी माय पण खिचडी शिजवायची. तिला पण असंच सांगितलं होतं. तिनं अर्ज लिहिला होता. मी वाचतो."

माझा आवाज कसा होता ते मी नंतर ऐकलं. पहिल्या तीन वाक्यांत थरथर आहे. मग नाही. मी कप्प्यातून कागद काढला आणि जसा होता तसा वाचला.

"मी या शाळेत चार वर्षं खिचडी शिजवली. एकही मूल आजारी पडलं नाही. तांदूळ रोज तीन पाण्यांनी धुतला. निघालेले खडे मी डबीत ठेवले आहेत, ते दाखवायला तयार आहे. मला तोंडी सांगितलं की येऊ नका. कारण सांगितलं नाही. कारण मला माहीत आहे, पण ते तुमच्याकडून ऐकायचं आहे. मला लिहिता-वाचता येत नाही, तरी उत्तर लेखीच द्यावं. माझा मुलगा वाचतो."

शेवटच्या दोन ओळींवर डाग आहे, पण मला त्या पाठ आहेत.

मावशी परत खुर्चीवर बसली होती. पदरानं नाक पुसलं आणि माइक दोन्ही हातांनी धरून जवळ ओढला. असा धरला की खडखड होते, मी कुणालाच धरू देत नाही. आज धरू दिला. ती म्हणाली, "तुही माय हुशार होती रे बाबू. आम्ही तं खडे फेकून देल्ले. अकरा वर्षाचे ठेवले असते तं आज घर बांधलं असतं त्याचं." आणि मग ती जी सुटली ती पस्तीस मिनिटं थांबली नाही. कोणत्या दिवशी डबे सुरू झाले, कुणी काय म्हटलं, नाव न घेता, पण असं की सगळ्या गावाला कळावं. ताईंना दुसरा प्रश्न विचारावा लागला नाही.

मग फोन आले. पहिला शेतातून. एक बाई धापा टाकत बोलत होती, "आम्ही सहाजणी वेचणीत आहो, मोबाइल कापसाच्या बोचक्यात ठेवून ऐकून राह्यलो. कोण म्हणते पोरं खात नाई? माहा पोरगा तं घरी येऊन म्हणते, माय, तुह्या खिचडीत मजा नाई, मावशीसारखी कर. मले तं रागच आहे तिचा!" मागून पाचजणींचं हसणं. मग ती एकदम गंभीर झाली. "आमाले कोणं इचारलं? लेकरं आमचे. सोमवारी आम्ही सहाही जणी शाळेत येतो, ताट घेऊन. पंगतीत बसतो. मंग पाहू कोण उठवते." त्या सहाजणींतल्या दोघींच्या घरची मुलं डबा आणणारी होती, हे मावशीनं नंतर सांगितलं. दोन गावांतल्या खिचडीवाल्या बायांनी फोन केले आणि त्याही येणार म्हणाल्या.

माय, मी नोंदवहीत कधी कौतुक लिहीत नाही. इथं लिहितो. तुझे शब्द आज बारा गावांत गेले. शेतात, चक्कीवर, पोडावर, टपऱ्यांवर. तू म्हणाली होतीस तेच मी वाचलं, माझ्या मनचं एक अक्षर नाही. एका उठून चाललेल्या बाईला त्या शब्दांनी परत बसवलं. मला तुझा इतका अभिमान वाटला, आणि थोडा माझाही, की कार्यक्रम संपल्यावर मी बाहेर जाऊन मनोऱ्याच्या खांबाला हात टेकवून उभा राहिलो.

पण मध्ये एक गोष्ट घडली, ती लिहिली नाही तर हे पत्र खोटं होईल. एका म्हाताऱ्या बाबांचा फोन आला होता. त्यांनी विचारलं, "बेटा, तुह्या मायच्या अर्जाचं काय झालं मंग?" दिवा लाल होता. मी म्हणालो, "जवाब आला नाही." बाबा चिडले. "त्या ऑफिसवाल्याहीले लाज नाई वाटली काय! गरिबाचा कागद म्हणून फेकला असन." मी पुढचा फोन जोडायला घेतला. ताई म्हणाल्या, "पाहा श्रोतेहो, म्हणूनच आमचे भाऊ पोच-पोच करतात." सगळ्यांना माझ्या सवयीचं कारण कळलं असं वाटलं. चष्मा कपाळावर ठेवलेले ते बाबू, ज्यांनी मला बाळा म्हटलं होतं, त्यांच्यावर मी बारा गावांसमोर आळ येऊ दिला. आमचा नियम मीच भिंतीवर लिहून चिकटवला आहे, सुवाच्य अक्षरात.

जाताना मावशीनं माझा हात धरला. "सोमवारी पंगत झाल्यावर मी तालुक्याले अर्ज द्याले जातो. तू चाल माह्यासंगं. तुले खिडकी माहीत आहे." मी हो म्हणालो. तिचा अर्ज मी दुपारीच लिहून दिला, दोन प्रती. शाईचा पॅड इथं आहे, पण मी तिला म्हणालो की सावकाश, पसरला तरी चालेल.

आता सव्वाचार झाले. नोंदवहीत शेवटचा रकाना त्रुटींचा आहे. कुणाचा खोकला, कुठं वीज गेली, कुठं खरखर, सगळं मिनिट-सेकंदासह मी त्यात लिहितो. आजचा आत्ता लिहिला. "बारा वाजून एकतीस मिनिटं: अकरा सेकंद शांतता. एक वाजून एकोणीस मिनिटं: चुकीची माहिती. अर्ज ऑफिसात दिलाच नव्हता. आणणाऱ्यानं तो परत आणला. ऑफिसचा दोष नाही." बोलणाऱ्यांच्या रकान्यात माझ्या नावाखाली तुझं नाव लिहिलं. पाच वाजता ताई वाचतील. त्या काय म्हणतील माहीत नाही. चुकीची दुरुस्ती केंद्रावरून सांगावी लागते, हा दुसरा नियम आहे. ती मीच सांगेन, आणि त्याआधी सोमवारी एस.टी.त मावशीला. तिनं मग माझ्याबरोबर यायचं की नाही ते ठरवावं.

हा कागद मी तुझ्या अर्जाच्या मागं, त्याच कप्प्यात ठेवतो. एक हिशेब तेवढा राहिला आहे.

तू दिलेले, वीस रुपये.
जाण्याचं अर्धं तिकीट, चार.
येण्याचं, चार.
झेरॉक्स, एक.
आलुबोंडे दोन, दहा. एक मी खाल्ला. दुसरा तुझ्यासाठी घेतला होता, तोही वाटेत खाल्ला.
तुला परत दिला, एक रुपया.
काम झालं नाही म्हणून देणं, एकोणीस.

तू विचारलं होतंस, एकच कसा उरला, तेव्हा मी म्हणालो होतो की तिकीट वाढलं. तिकीट वाढलं नव्हतं, माय.